हरल्याचे पेढे

काकांच्या घरी मी बेसमेंट बघायला गेले तेव्हा बाहेर गुडघाभर बर्फ होता आणि आत जवळपास सुतक होतं. दार काकूंनी उघडलं. हॉलमध्ये सत्तरीला टेकलेले एक गृहस्थ झब्ब्यावर बेसबॉलची जर्सी चढवून, टीव्हीकडे पाठ करून बसले होते. टीव्ही मात्र चालू होता. बातमी त्यांना ऐकायची होती, फक्त ती सांगणाऱ्याचं तोंड बघायचं नव्हतं. मी भाड्याची चौकशी करणार तेवढ्यात त्यांनी पेढ्यांचा बॉक्स माझ्यापुढे धरला. मी एक उचलला आणि आपल्याकडे विचारतात तसं विचारलं, "कशाचे?"

"हरल्याचे," काका म्हणाले. "घे अजून एक."

मी नागपूरची. आमच्याकडे पेढे पास झाल्याचे असतात, नोकरी लागल्याचे असतात, मुलगा झाल्याचे असतात. मुलगी झाली की बर्फी, हा तिकडचा न्याय. हरल्याचे पेढे मी पहिल्यांदा इथे अमेरिकेत, पिस्कॅटवेत खाल्ले. चांगले होते, वेलदोडा जरा जास्त. बेसमेंट मी त्याच दिवशी घेतलं आणि पुढे शिक्षण संपून वेस्ट विंडसरला नोकरी लागेपर्यंत तिथेच राहिले.

भानगड अशी होती. काकांचा एक लाडका फलंदाज होता. त्याचं नाव मी इथे घेत नाही, कारण घेतलं की निम्मे वाचक वाचायचं सोडून वाद घालायला बसतील, आणि काका शेजारी नसताना तो वाद एकटीने लढण्याची माझी ताकद नाही. त्याच्यासारखा चेंडू कोणी मारलाच नाही, असं काकांचं मत होतं. पण तो ज्या काळात खेळला त्या काळात बेसबॉलमध्ये स्टेरॉइडचा सुळसुळाट होता आणि तो खेळायचा थांबल्यावर त्याचं सगळं बाहेर आलं. तेव्हापासून हॉल ऑफ फेमचं दार त्याला बंद. हॉल ऑफ फेमला काका 'देव्हारा' म्हणायचे. देव्हाऱ्यात कोणाला बसवायचं याचं मतदान हिवाळ्यात होतं. दर हिवाळ्यात निकालाच्या आदल्या दिवशी काका एडिसनला जाऊन पेढे आणायचे आणि दर हिवाळ्यात तो पडायचा. आणलेले पेढे लपवून ठेवणं काकांच्या स्वभावात नव्हतं. मग ते हरल्याचे म्हणून वाटले जायचे. पोस्टमनला, लायब्ररीतल्या बाईला, समोरच्या घरातल्या पोलंडच्या आजोबांना. पोस्टमनची समजूत होती की हा हिंदूंचा एक सण आहे. एका वर्षी त्याने फाटकाशीच काकांना 'हॅपी पेडा डे' म्हणून हात मिळवला. काकांनी त्याची समजूत दुरुस्त केली नाही.

या बाबतीत काकांची भूमिका इतर चाहत्यांपेक्षा निराळी होती. इतर चाहते म्हणतात, त्याने घेतलंच नाही, पुरावा कुठे आहे. काकांची उभी हयात औषधांच्या कंपनीत क्वालिटी कंट्रोलमध्ये गेलेली. गोळीत काय आहे आणि काय नाही, हे तपासून माल नापास करायचा, हाच धंदा. त्यामुळे असल्या बचावाचा त्यांना तिटकारा होता. "घेतलं नाही असं मी कधी म्हणालो?" ते मलाच दरडावायचे, जणू मी सरकारी वकील. "घेतलं. भरपूर घेतलं. त्याची मान बघ, टोपीचा साइज बघ. मग? पुढे बोल."

पुढचं अर्थात काकाच बोलायचे. त्यांचा सगळा राग टीमच्या मालकांवर होता. स्टेडियम भरत होतं तोवर मालकांना खेळाडूंचे फुगलेले दंड दिसले नाहीत का? त्यांनी तिकिटं विकली, पार्किंग विकलं, चार घासांच्या नाचोजचे वाट्टेल ते पैसे घेतले, आणि बोभाटा झाल्यावर आम्हाला काही कल्पनाच नव्हती म्हणून रुमालाने तोंड पुसलं. वर त्यांतलेच काही देव्हाऱ्यात जाऊन बसले. काका म्हणायचे, त्यालाही आत घ्या आणि पाटीवर दोन्ही लिहा, काय केलं ते आणि काय खाल्लं ते. पाटी पुरत नसेल तर मोठी करा, पितळ काय महाग आहे का. हे भाषण मी इतक्या वेळा ऐकलंय की कुठे चहाचा घोट यायचा तेही मला पाठ आहे.

बेसबॉल हिवाळ्यात बंद असतो. बाकीचे लोक तेव्हा फुटबॉल बघतात किंवा भारतात जाऊन येतात. काकांचा खरा सीझन तेव्हाच सुरू व्हायचा, कारण हिवाळ्यात ट्रेड होतात. या टीमने आपला खेळाडू त्या टीमला द्यायचा, त्यांचे दोन पोरगे घ्यायचे. काका या प्रकाराला 'स्थळं बघणं' म्हणायचे. खांद्याचा एमआरआय म्हणजे पत्रिका, एजंट म्हणजे मध्यस्थ मामा, आणि करार झाला की सहा महिन्यांत कळतं की मुलाला आधीपासूनच पाठीचं दुखणं होतं. डिसेंबरात काका रेडिओच्या स्पोर्ट्स शोला फोन लावून तासन्‌तास होल्डवर बसायचे. फोन स्पीकरवर, समोर लसणाचा ढीग. नंबर लागेपर्यंत काकूंचा महिन्याचा लसूण सोलून व्हायचा, म्हणून काकूंची या छंदाला अजिबात हरकत नव्हती. नंबर लागला की काका आपल्या सांगलीच्या इंग्रजीत निवेदकाला ठणकावायचे की तुमचा जनरल मॅनेजर बाजारात पिशवी विसरून गेलेला माणूस आहे.

पण ट्रेड झालेल्या खेळाडूबद्दल बोलताना त्यांचा आवाज उतरायचा. माणूस घरी पोरांना पॅनकेक करून घालत असतो आणि फोन वाजतो की तू आता दुसऱ्या गावचा. बायकोची नोकरी, पोरांची शाळा, कोणी विचारत नाही. हे काकांना फार लागायचं. यावर त्यांचा एक ठरलेला प्रश्न होता, जो ते बेसबॉलपुरता ठेवत नसत. कोणी काहीही सोडलं, बदललं, गमावलं की काका विचारायचे, "बदल्यात काय मिळालं?" शेजाऱ्यांनी घर विकलं तरी तेच, काकूंनी जुना मिक्सर टाकून दिला तरी तेच. माझ्या मैत्रिणीचं ठरलेलं लग्न मोडलं आणि ती बेसमेंटमध्ये रडायला आली, तर काका जिन्यावरून दोन पायऱ्या उतरून तिलाही हेच विचारून गेले. मी रागाने लाल झाले. मैत्रीण मात्र नाक पुसून म्हणाली, "काका, शांतता मिळाली." "मग ट्रेड चांगला आहे," असं म्हणून ते वर गेले. पुढे मला कंपनीने देशाच्या दुसऱ्या टोकाला, पावसाळी बेलव्ह्यूला हलवलं तेव्हा हा प्रश्न येणार हे माहीत असल्याने मी उत्तर आधीच तयार ठेवलं होतं. पाऊस मिळाला, मी म्हणाले. काकांना तो ट्रेड पटला नाही.

उन्हाळ्यात इथल्या मराठी मंडळाची पिकनिक असायची आणि पिकनिकमध्ये काकांच्या आग्रहाने सॉफ्टबॉलचा सामना. तो सामना बघायला बागेतल्या शेजारच्या शेडमधली अमेरिकन कुटुंबं आपलं बार्बेक्यू सोडून यायची, कारण आमच्या माणसांइतका करुण सॉफ्टबॉल त्यांनी कुठे पाहिलेला नसे. पुण्या-मुंबईचे इंजिनिअर चेंडू मारायचे आणि बॅट हातात घेऊनच पळायचे. बेसवर पोचले की बॅट जमिनीला टेकवायची. चेंडू जवळच पडला तर पळायचंच नाही, हात वर करून 'नो' ओरडायचं. बेसबॉलमध्ये चेंडूला बॅट लागली की पळावंच लागतं, आणि बॅट टाकूनच पळायचं असतं, हे काका दरवर्षी समजावायचे. "अरे बाबांनो, ती टाका," ते मैदानाच्या कडेने धावत सांगायचे. "तिला घेऊन कुठे निघालात, माहेरी?" एकदा मीही बॅट घेऊन पळाले आणि वर बेसवरच्या लेल्यांच्या सुनेच्या नडगीवर ती आपटली. काका माझ्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

काकांना हा खेळ त्यांच्या मुलीने लावला होता. आम्ही तिला ताई म्हणायचो. ती इथेच जन्मली, शाळेत सॉफ्टबॉल खेळली आणि आता एका हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते आणि मुलींच्या टीमची कोचही आहे. लहानपणी तिला प्रॅक्टिसला सोडायला गेलेले काका गाडीत बसून कंटाळले आणि खाली उतरले, तिथून सगळं सुरू झालं. बाप-लेकीचं सगळ्या बाबतीत जमायचं, एक फलंदाज सोडून. त्या विषयावर ताई मराठी सोडून इंग्रजीत शिरायची, म्हणजे आता दया नाही असं समजायचं.

एका हरल्याच्या पेढ्याच्या दिवशी मी तिथेच होते. काकांचं मालकांवरचं भाषण चहाच्या दुसऱ्या घोटापर्यंत आलं होतं. ताईने त्यांना शांतपणे अडवलं.

"व्हॉट अबाउट द गाय हू सेड नो, बाबा? ज्याने घेतलं नाही. त्याचा जॉब गेला. ही वेन्ट होम. तुला त्याचं नाव पण माहीत नाही. यू डोन्ट इव्हन नो हिज नेम."

काकांनी कप खाली ठेवला. मला वाटलं, आता उसळतील.  ते जर्सीच्या बटणाशी खेळत राहिले, मग पेढ्यांचा बॉक्स लेकीपुढे सरकवला. तिने पेढा घेतला नाही, आणि काकांनीही आग्रह केला नाही. खरं सांगते, मला त्यांची फार कणव आली.

आता मास्तरांबद्दल सांगायला हवं. मास्तर काकांचे मित्र, दोघे एकाच सुमाराला या गावात आले. मंडळाची रविवारची मराठी शाळा मास्तरांनी सुरू केली. इथल्या पोरांना 'ळ' म्हणायला त्यांनी शिकवलं, म्हणून सगळा गाव त्यांना मास्तर म्हणायचा. पोटापाण्यासाठी त्यांची कन्सल्टन्सी होती. म्हणजे भारतातून किंवा इथल्या कॉलेजातून नवी पोरं घ्यायची आणि मोठ्या कंपन्यांत कामाला लावायची. कंपन्यांना अनुभवी माणूस हवा असायचा आणि पोरांकडे अनुभव नसायचा. मास्तरांनी त्यावर तोडगा काढला. पोरांच्या रेझ्युमेवर ते अनुभव लिहून द्यायचे, न केलेल्या नोकऱ्यांचा, न पाहिलेल्या बँकांचा. पोरं हुशार होती, कामाला लागल्यावर काम शिकून घ्यायची, घरं घ्यायची, मंडळाला देणग्या द्यायची. मग एक दिवस सरकारने चौकशी लावली. केस झाली, मास्तर शिक्षा भोगून आले. आल्यावर ते मंडळात कधी आले नाहीत.

म्हणजे आले, पण पार्किंगपर्यंत. गणपतीला त्यांच्या पत्नीला आरती चुकवायची नसे, म्हणून ते गाडी चालवत घेऊन यायचे आणि त्या आत गेल्या की स्वतः गाडीत बसून राहायचे. खिडकी अर्धी खाली, हातात काही नाही, समोर हॉलची भिंत. आत आरती संपली की ताट सगळ्यांपुढून फिरायचं. ते फिरून झालं की काका ते उचलायचे आणि थेट दाराबाहेर पडायचे. पार्किंगमध्ये वारा असतो. काका डोक्यावरची बेसबॉलची टोपी काढून निरांजनाला आडोसा करायचे आणि गाड्यांच्या रांगांमधून सावकाश चालत जायचे. मास्तर खिडकीतून दोन्ही हात बाहेर काढून आरती घ्यायचे. त्या टोपीला आतून काजळीचा डाग पडला होता, तो काकूंना कधी धुऊ दिला नाही.

मंडळाने स्वतःचा हॉल घेतला आणि त्याच्या प्रवेशाशी एक भिंत ठरवली. ज्यांनी मंडळ उभं केलं त्यांच्या नावाच्या पितळी पाट्या त्या भिंतीवर लावायच्या. काकांचं नाव आलंच. गणपतीची मूर्ती आणि मखर कितीतरी वर्षं त्यांच्याच गॅरेजमध्ये राहत होती, आणि गाडी बापडी बर्फात. मास्तरांचं नाव मात्र नव्हतं. काकांनी अध्यक्षांना फोन केला, मग घरी गेले, मग शेवटी सर्वसाधारण सभेत विषय मांडायचं ठरवलं. मला वेस्ट विंडसरला फोन करून सांगितलं, ये, आणि येताना एडिसनहून पेढे घेऊन ये. मी विचारलं, काका, आधीच? ते म्हणाले, जिंकलो तर जिंकल्याचे, नाहीतर आपले आहेतच.

सभेला काका जर्सी घालूनच आले. अध्यक्ष आमच्याच वयाचा, मोठ्या कंपनीत डिरेक्टर, बोलायला अतिशय गोड. त्याने काकांना माइक दिला. काका म्हणाले, मास्तरांची पाटी लावा आणि तिच्यावर दोन्ही लिहा. शाळा काढली तेही लिहा आणि खोटे रेझ्युमे केले, शिक्षा झाली, तेही लिहा. अध्यक्ष म्हणाला की काकांच्या इमोशन्स आम्ही रिस्पेक्ट करतो, पण मंडळाची एक इमेज आहे आणि आपल्या मुलांना यातून काय मेसेज जाणार, याचा विचार करायला हवा. बऱ्याच माना डोलल्या. काही माना हलल्याच नाहीत, त्या खाली मोबाइलमध्ये गेल्या होत्या. त्यांतल्या निदान निम्म्यांची पहिली नोकरी मास्तरांनी लावलेली होती, हे मला माहीत होतं आणि त्यांना तर होतंच. मला इतका संताप आला की मी हातातली पेपर प्लेट चुरगाळून टाकली.

काका कोणाचं नाव घेतात की काय, या भीतीने हॉल गप्प झाला. त्यांनी कोणाचंच घेतलं नाही.

"माझी मुलगी मला विचारते, ज्याने नाही म्हटलं त्याचं काय," ते म्हणाले. "खरा रेझ्युमे घेऊन जो फिरला आणि नोकरी न मिळता परत गेला, त्याचं नाव मला माहीत नाही. तुम्हालाही नाही. तेवढी ओळ पण पाटीवर लिहा, माझी काही हरकत नाही. मास्तर चुकला. पण ती पोरं राहायची कुठे? माझ्या बेसमेंटमध्ये. इंटरव्ह्यूच्या आधी ती खाली न केलेली नोकरी घोकत बसायची आणि वर मला सगळं ऐकू यायचं. एकदा एक पोरगा अडखळला तर मीच जिन्यावरून त्याला पुढचं वाक्य सांगितलं. मी भाडं घेतलं. गोळ्या तपासणारा माणूस मी, मला कळत नव्हतं का? तेव्हा मालक मी. खेळाडू बाहेर पार्किंगमध्ये बसलाय आणि मालकाची पाटी लागली. हे मी टीव्हीवर दरवर्षी बघतो. इथे नाही बघणार."

ताई मागच्या रांगेत बसली होती. तिने मान वर केली आणि नजर वडिलांवरून काढलीच नाही.

मतदान झालं. काकांच्या बाजूने काकूंचा हात वर गेला, माझा गेला, आणखी तुरळक. ताईचा गेला नाही. मास्तरांकडून नोकरी मिळालेल्यांचे तर मुळीच नाहीत. अध्यक्षाने ठराव नामंजूर झाल्याचं दुःखी चेहऱ्याने जाहीर केलं. काकांनी खुर्चीखालचा बॉक्स काढला आणि पहिल्या रांगेपासून पेढे वाटायला सुरुवात केली. कशाचे, हे विचारण्याची कोणाची हिंमत झाली नाही. अध्यक्षालाही घ्यावा लागला. सगळा हॉल मुकाट्याने पेढे चघळत असताना काका प्रवेशाशी गेले, झब्ब्याच्या खिशातून स्क्रू ड्रायव्हर काढला आणि स्वतःची पाटी उतरवू लागले. म्हणजे ते घरूनच तयारीने आले होते. काकू शेजारी हात पसरून उभ्या राहिल्या, निघालेला एकेक स्क्रू तळहातावर घेत.

"सावकाश," त्या म्हणाल्या. "भिंतीचा रंग निघेल."

त्या वर्षीचा गणपती काकांनी नेहमीसारखाच गॅरेजमधून आणून दिला. देवाशी त्यांचं भांडण नव्हतं. मखर लावलं, दिव्यांच्या माळा लावून बघितल्या, पेटत नव्हती ती माळ दुरुस्त केली. मग दुपारी लोक जमायला लागले, तशी त्यांनी गाडीची किल्ली काढली आणि बाहेर गेले. मला वाटलं, रागावून घरी निघाले. मी मागे धावले.

ते घरी गेले नव्हते. त्यांनी आपली गाडी मास्तरांच्या गाडीशेजारी आणून लावली होती आणि डिकी उघडी टाकली होती. इथे मॅचच्या आधी लोक स्टेडियमबाहेर पार्किंगमध्ये जसा मुक्काम ठोकतात, गाडीच्या मागे खुर्च्या टाकून खातात-पितात, अगदी तसं. घडीच्या खुर्च्या, घडीचं टेबल, चहाचा मोठा थर्मास, कागदी कप, चिवडा, पेढे. अंगात जर्सी. डिकीच्या कडेला गणपतीचा एक छोटा फोटो टेकवलेला. मास्तर अजून गाडीतच होते, खिडकी पूर्ण खाली. काकांनी बाहेरून दार उघडलं आणि खुर्चीकडे बोट दाखवलं. मास्तर बराच वेळ उतरले नाहीत. मग उतरले.

मी चहा ओतायला लागले. पहिला आला तो मास्तरांनी नोकरीला लावलेला, आता एका बँकेतला सॉफ्टवेअर आर्किटेक्ट, मुलाला हॉलमध्ये सोडून. गाडीत काहीतरी विसरलंय असं करत तो इकडे वळला. मास्तरांच्या पायाशी वाकला आणि चहा घेऊन उभा राहिला. नंतर एक जोडपं आलं. मग तिघे एकदम आले, एकमेकांकडे न बघता. सभेत यांतल्या एकाचाही हात वर गेला नव्हता, आणि मला ते बोलून दाखवायचं होतं. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि मी तोंडात पेढा घातला. आतून आरतीचा आवाज आला तेव्हा पार्किंगमधल्यांनीही टाळ्या धरल्या. इकडचा सूर आतल्यापेक्षा वाईट होता, पण जोर बरा होता.

आरती संपल्यावर दार उघडलं आणि ताई ताट घेऊन बाहेर आली. वडिलांची काजळी लागलेली टोपी तिने निरांजनाच्या कडेला धरली होती. ती मास्तरांपुढे येऊन थांबली. 'ळ' ती त्यांच्याकडेच शिकली होती.

"मास्तर, आय स्टिल थिंक इट वॉज राँग," ती म्हणाली.

"होतंच ते," मास्तर म्हणाले. "माझी चूकच होती, बाळ."

तिने मान हलवली आणि ताट पुढे केलं. मास्तरांनी दोन्ही हात ज्योतीवर धरले, डोळ्यांना लावले. त्या वेळी मला माझं रडू आवरलं नाही, आणि मी ते आवरायचा प्रयत्नही केला नाही. सगळ्यांची आरती घेऊन झाली, ताई ताट घेऊन आत गेली. हॉलमध्ये पंगत मांडत होते. मास्तर काकांना म्हणाले, "आता तू जा आत. जेवायला बोलवतील. तुझी जागा आत आहे."

"माझा ट्रेड झालाय," काका म्हणाले. "आता मी इकडच्या टीमचा."

मास्तर हसले. इतक्या वर्षांत मी त्यांना हसताना पाहिलं नव्हतं. काकांचाच प्रश्न त्यांनी काकांना विचारला.

"बदल्यात त्यांना काय मिळालं?"

"भिंतीला दोन भोकं," काका म्हणाले आणि त्यांनी पेढ्यांचा बॉक्स मास्तरांपुढे धरला.